क्रीडांगण : जुन्या चित्रातील बाळू पालवणकर

गेल्या शतकाच्या अखेरीस बबलगमच्या पुडीबरोबर क्रिकेटपटूंची लहान लहान चित्रे मिळत आणि घरोघरची मुले ती हौसेने जमवीत. अशा चित्रावर खेळाडूची मुद्रा व त्याच्या धावा छापता येतात. त्यामागील आयुष्य मात्र घरातील वडीलधाऱ्यांनीच सांगावयाचे असते. तेल्हाऱ्यासारख्या गावी सायंकाळी ओसरीवर मुले जमली असता सांगण्याजोगी एक हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

१९११ साली इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग हे संघाचे नायक. याच संघात बाळू पालवणकर आणि त्यांचे बंधू शिवराम हेही होते. संघाने बहुतेक सामने गमावले. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात एकंदर ११४ गडी बाद केले.

बाळूंचा जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यास गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखण्यासाठी ते महिना चार रुपयांवर राहिले. साहेबलोकांच्या सरावासाठी गोलंदाजी करिता करिता त्यांचा डावा हात तयार झाला. बॅट मात्र तेथे त्यांच्या हाती कोणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबास त्यांची गरज भासली. काही ब्राह्मण सभासदांनी हरकत घेतली, तरी अखेर त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा, आणि चहाच्या वेळी बाळूंना मात्र बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात चहा द्यावा, असा तेथला रिवाज होता! चेंडू विटाळत नव्हता. चहा तेवढा विटाळत होता.

१९०६ साली मुंबईस हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. तथापि हिंदू संघाचे नायकपद त्यांच्या वाट्यास आले नाही. १९१३ साली ते एम. डी. पै यांस मिळाले, तेव्हा हा मान खरोखर बाळूंचा होता असे पै यांनी स्वतःच उघड सांगितले. १९२० साली धाकटे बंधू विठ्ठल यांस डावलण्यात आले, तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघांनी संघातून अंग काढून घेतले. पुढे १९२३ साली विठ्ठल नायक झाले आणि त्यांच्या नायकत्वाखाली हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. विठ्ठलांनी 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्रही मराठीत लिहिले आहे.

बाळूंनी १९३२ च्या पुणे करारावर सही केली. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. १९५५ साली ते निवर्तले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, ही त्यांची कामगिरी. १९३२ साली हिंदुस्थान पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा त्यांचे खेळाचे दिवस सरले होते.

हे आकडे मुलांस सहज पाठ होतील. पण ते मातीचे भांडे त्यांना कोणी सांगावे? ज्या घरांतून तो रिवाज पाळला गेला, त्यांत आपल्यासारखीच सुशिक्षित घरे होती. तेव्हा ते सांगण्याचे कामही आपणच पत्करले पाहिजे, असे आम्हांस वाटते. आजोबांनी नातवाजवळ पराक्रमाची गोष्ट सांगताना हा भाग गाळू नये. मुले ऐकतील, प्रश्नही विचारतील. आणि त्या प्रश्नांस सरळ उत्तर देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय.