छापील प्रतींची अट

विद्यापीठांच्या ‘पेट’च्या, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेच्या, जाहिराती आल्या की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच : पीएच.डी.ला काय काय लागतं? यादी तोंडपाठ आहे. प्रवेश परीक्षा, गाइड, किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क, दर सत्राला सल्लागार समितीपुढे हजेरी, वाङ्मयचौर्याची तपासणी, किमान दोन बाहेरचे परीक्षक, व्हायवा. मुदत तीन ते सहा वर्षं. (गाइडच्या घरची कामं यादीत नाहीत, ती गृहीत असतात.) या यादीत वाचक मात्र कुठेच नाही.

पूर्वी काही ठिकाणी तो होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय तिथे पदवी हातात पडत नसे. छपाईला पैसे कुठून आणायचे? शिष्यवृत्ती संपल्यामुळे 1917 मध्ये तर लंडनचा अभ्यासही अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे जमवून ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये तिथली डी.एस्सी. मिळवली. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा कोलंबियाचा प्रबंध 1925 मध्ये लंडनच्या पी. एस. किंग यांनी पुस्तकरूपात काढला. प्रस्तावना कोलंबियातले त्यांचे गुरू सेलिग्मन यांची. त्यानंतर, 1927 मध्ये, कोलंबियाची पीएच.डी. मिळाली. म्हणजे आधीची पदवी नंतर आली! गरीब विद्यार्थ्यावर ही अट अन्यायाचीच होती. पण तिच्यामुळे प्रबंध बाजारात आला, कुणालाही विकत घेऊन त्यातली चूक काढता येऊ लागली.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापणं सक्तीचं केलं. मग पैसे भरले की छापून देणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. वाचण्यासाठी कुणी छापतच नव्हतं. 2022 मध्ये ही सक्ती गेली, बरं झालं. आता प्रबंधाची सॉफ्ट कॉपी ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात जाते, म्हणजे छपाईचा खर्च नाही आणि दार सगळ्यांना उघडं. पण ग्रामपंचायतीवर, ओवीवर, ऊसतोडणीवर मराठीत झालेलं काम त्याच गावांतल्या शिक्षकांपर्यंत, कार्यकर्त्यांपर्यंत पोचत नाही. व्हायवाला इतर संशोधक आणि जाणकार येऊ शकतात. येतात ते बहुधा विभागातलेच, आणि त्यांचंही अर्धं लक्ष नंतरच्या जेवणाकडे.

म्हणून पुढच्या दिवाळीपासून या अंकाची काही पानं नव्या प्रबंधांसाठी राखून ठेवत आहोत. दोन हजार शब्दांत सांगा, तुम्हाला काय सापडलं. ‘प्रस्तुत संशोधनाची उद्दिष्टे’ नकोत, संदर्भसूची नको, गाइडचे आभार तर नकोतच. लेख फेब्रुवारीअखेर पाठवा. मानधन देऊ, थोडं असेल, पण वेळेवर.