मशीन कोणतं घेऊ, ताई?

‘यंदा साडी नको, तुला रक्त तपासायचं मशीनच घेऊन देतो,’ असं तिच्या मुंबईच्या भावानं भाऊबीजेला सांगितलं आणि ती माझ्याकडे आली. ‘ताई, कोणतं घेऊ?’

जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली ही माझी मैत्रीण. लहानपणी घसादुखीकडे दुर्लक्ष झालं. नंतर सांधे धरले, ताप आला. डॉक्टर ज्याला रुमॅटिक ताप म्हणतात, त्यानं हृदयाची झडप खराब केली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कृत्रिम झडप बसली. पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्माची झाली. आयएनआरचा आकडा साधारण २.५ ते ३.५ मध्ये हवा. कमी झाला तर झडपेवर गुठळी, वाढला तर रक्तस्राव. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या अशा झडपेला चालत नाहीत.

तपासणीला पुण्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी गेली. हे कुठल्याच कार्डावर भागत नाही. म्हणून टोमॅटोच्या हंगामात तिची तपासणी हमखास चुकते.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. पाळीत अंगावर फार जातं म्हणून त्या चार दिवसांत ती गोळी आपल्या मनानं बंद ठेवायची. ‘डॉक्टरांना का नाही सांगितलं?’ ‘सोबत दीर असतात. त्यांच्यासमोर कसं बोलू?’

मैत्रिणींनो, असं गोळी बंद ठेवणं जिवावर बेतू शकतं. ही लाज कुठलं मशीन मोजणार?

मशीनला माझा विरोध नाही. बोटाच्या थेंबावर घरच्या घरी आकडा कळतो. नीट शिकून स्वतः तपासणी करणाऱ्यांत गुठळ्यांचे प्रसंग कमी होतात, हे २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं आहे. पण घेण्याआधी चार गोष्टी पाहा.

एक, पट्ट्या. मशीन एकदा, पट्ट्या कायमच्या. त्या नारायणगाव-मंचरला मिळतील का? वर्षाचा हिशेब काय? पुष्कळ पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवाव्या लागतात. वैशाखात पत्र्याच्या घरात कुठे ठेवणार?

दोन, आपलं रक्त. हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलं तर अनेक मशीनचा आकडा भरवशाचा राहत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. त्यातून पाळीत जास्त जाणारी बाई! आधी हिमोग्लोबिन तपासा.

तीन, पडताळा. सुरुवातीला मशीनचा आकडा लॅबशी ताडून पाहा, पुढेही अधूनमधून पाहा. अमेरिकेत २०१६ साली आयएनरेशिओ हे मशीन बाजारातून काढावं लागलं, २०१८ साली कोॲगुचेकच्या काही पट्ट्या परत मागवाव्या लागल्या. दोन्हींत कारण चुकीचे आकडे.

चार, आणि सर्वांत महत्त्वाचं : आकडा आल्यावर गोळी किती घ्यायची हे सांगणारं फोनवर कोण आहे?

बैठकीत सूचना आली, ‘बचत गटानं एक मशीन घेऊन घरोघर फिरवू.’ मीही आधी खूश झाले. पण घरगुती मशीन एकाच माणसासाठी असतं. टोचायचं पेन वाटून वापरलं तर बी प्रकारची कावीळ पसरू शकते. म्हणून मागणी वेगळी हवी : प्राथमिक आरोग्य केंद्रात दवाखान्यासाठीचं मशीन, एकदाच वापरायच्या सुया, महिन्यात एक ठरलेला दिवस, आणि जिच्याशी पाळीबद्दल मोकळेपणी बोलता येईल अशी सिस्टर. भाऊ नसलेल्या बाईलाही मग तपासणी मिळेल.

पुढच्या खेपेला दिराऐवजी मी सोबत गेले. ती डॉक्टरांशी स्वतः बोलली. भावाला म्हणाली, ‘मशीन घेऊ, पण आधी पट्ट्यांचा हिशेब कर.’

जुन्नर-आंबेगावात अशा किती जणी आहेत? आपापल्या गावात विचारा, मोजा, आणि तो आकडा ग्रामसभेत मांडा.