तेरणेकाठची शिदोरी

आपल्याकडे सहल ठरली की पहिला प्रश्न जेवणाचा निघतो, आणि त्यात वावगे काही नाही. चाळीस माणसे पहाटे घराबाहेर काढायची तर त्यांच्या पोटाची व्यवस्था आधी पाहावीच लागते. वावगे असते ते पुढचे. जेवणाची वेळ एकदा पक्की झाली की बाकी साऱ्या गोष्टी तिच्या सोयीने आखल्या जातात आणि कापल्याही जातात. काही वर्षांपूर्वी तेरच्या संग्रहालयात मी एका मंडळाची अशी सहल पाहिली. मंडळी सुशिक्षित, बहुतेक निवृत्त, इतिहासाची आवड असलेली. ढाब्यावर एक वाजताचे जेवण सांगून ठेवलेले होते म्हणून दोन हजार वर्षांचा इतिहास पंचवीस मिनिटांत आटोपण्यात आला. माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी सातवाहनकालीन मण्यांविषयी बोलायला नुकतीच सुरुवात केली होती, तोच संयोजकांनी घड्याळाकडे बोट दाखविले. गाडीत बसता बसता एका आजोबांनी विचारले, "ती हस्तिदंती बाहुली कुठे होती हो?" ती त्यांच्या डाव्या हाताला, चार पावलांवर होती.

दोष त्या आजोबांचा नव्हता आणि भुकेचाही नव्हता. संग्रहालय व भोजन या दोन वेगळ्या बाबी आहेत, एक कर्तव्याची आणि एक सुखाची, अशी जी वाटणी आपल्या मनाने करून ठेवली आहे, तिचा तो दोष होता. ही वाटणी मोडल्याखेरीज आपल्या सहली सुधारणार नाहीत, असे माझे मत आहे. ती कशी मोडता येईल हे सांगण्यासाठी मी मुद्दाम किल्लारीचे उदाहरण घेतो.

किल्लारी म्हटले की आजही मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच पहाट उभी राहते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन झालेले, माणसे दमून नुकती निजलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे थर चढविलेली वजनदार माळवदे. उन्हाळ्यात थंडावा देणारे हेच छप्पर त्या पहाटे छातीवर आले. सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसे गेली. बावन्न गावे पूर्णपणे उठून नव्या जागी वसली. भूशास्त्राच्या दृष्टीनेही हा धक्का अनपेक्षित होता, कारण दख्खनचे पठार स्थिर मानले जात असे. पुढे संशोधनासाठी किल्लारीत खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा तेथे काळ्या पाषाणाचा थर सुमारे ३३८ मीटर जाडीचा असल्याचे दिसले. ज्या खडकावर आपण निर्धास्त झोपतो त्याच्याखाली काय चालले आहे, याची कल्पना त्या दिवसापर्यंत कोणालाच नव्हती.

आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांतले त्या वेळचे तरुण आता साठीच्या घरात आहेत. नव्या किल्लारीत जन्मलेल्या मुलांना सरळ रस्ते, आखीव भूखंड आणि काँक्रीटची घरे एवढेच गाव ठाऊक आहे. जुन्या गावाचे पार, ओटे, वाड्यांचे दिंडीदरवाजे त्यांनी पाहिलेले नाहीत. दर ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी पुष्पचक्र वाहिले जाते, मानवंदना दिली जाते आणि दुपारपर्यंत सारे शांत होते. ही औपचारिकता टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. पण औपचारिकतेने स्मरण टिकते, स्मृती टिकत नाही. स्मृती टिकायला सांगणारा आणि ऐकणारा समोरासमोर बसावा लागतो.

जपानी लोकांनी हे ओळखले. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहर भूकंपाने हादरले आणि २००२ साली तेथे भूकंपाचे स्मृतिसंग्रहालय उभे राहिले. त्या संग्रहालयाचे खरे वैभव त्याच्या इमारतीत नाही. त्या आपत्तीतून वाचलेली माणसे तेथे स्वेच्छेने येतात आणि आपली हकिकत पाहुण्यांना स्वतःच्या तोंडाने सांगतात. आपल्या देशात २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाचे 'स्मृतिवन' भुजियो डुंगरावर उभे राहिले आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. गेलेल्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. कच्छच्या आधी सात वर्षे ज्या भूमीने हेच भोगले, त्या किल्लारीत मात्र भुजच्या तोडीचे असे काही नाही. महाराष्ट्राला हे शोभत नाही. ज्या महाराष्ट्रात पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या राजाच्या नावाने एकहाती संग्रहालय उभे केले, त्या महाराष्ट्राला दुःखाचे संग्रहालयात रूपांतर कसे करावे हे बाहेरून शिकण्याचे कारण नव्हते.

परंतु शासन इमारत बांधील तेव्हा बांधील. तोवर हातावर हात ठेवून बसणे हा आपल्या कार्यपद्धतीचा भाग नाही. १९९३ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जनकल्याण समितीचे कार्यकर्ते आणि लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाचे डॉक्टर ढिगाऱ्यांपाशी पोहोचले, ते कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहून नव्हे. ज्ञान प्रबोधिनीने लोहारा तालुक्यातील हराळीला शिक्षणाचे काम उभे केले. भारतीय जैन संघटनेने शेकडो मुलांना पुण्यात नेऊन शिकविले. नळदुर्गला समाजवादी मंडळींनी 'आपलं घर' उभारले. विचार वेगळे असले तरी या कामाला आपण मनापासून नमस्कार केला पाहिजे. त्या वेळी जे हात पुढे आले त्यांच्यापुढे आजचे काम फारच लहान आहे. ते इतकेच, की माणसे तेथे न्यायची, नीट न्यायची आणि त्यांना सांगेल असा माणूस तेथे उभा करायचा.

माझी योजना सांगतो. लातूरहून पहाटे निघावे. मंडळी पंचवीस ते तीस, त्याहून अधिक नकोत. सत्तर माणसांपुढे भाषण होते, संवाद होत नाही. उजाडता उजाडता जुन्या किल्लारीच्या जागी पोहोचावे. वेळ जाणूनबुजून ही निवडली आहे. येथला मार्गदर्शक इतिहासाचा पदवीधर नसला तरी चालेल, पण तो जुन्या गावातला असावा. आपले घर कोठे होते, गणपती कोठे बसत असे, विहीर कोणती, हे तो चालत चालत सांगेल. त्याला प्रश्नांचा भडिमार करू नये, छायाचित्रासाठी पुनःपुन्हा उभे करू नये. तो मध्येच गप्प झाला तर आपणही गप्प राहावे. त्याला मानधन द्यावे आणि ते पाकिटात, आदराने द्यावे. ज्याला सांगणे जड जाते त्याला गळ घालू नये. गावात दुसरे कोणी सांगणारे मिळेल.

येथून निघताना शिदोरी घ्यावी. गावातल्या एखाद्या महिला बचत गटाला आधी कळविले तर धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि ज्वारीची भाकरी एवढे जेवण सहज बांधून मिळेल. धपाटे हा मराठवाड्याचा मूळचाच प्रवासाचा पदार्थ आहे. तो दुसऱ्या दिवशीही चालतो, मग चार तासांनी का चालू नये? मार्गशीर्षात गेलात आणि वेळा अमावास्या साधली तर भज्जी, आंबील आणि उंडे यांचा योग येईल. मात्र त्या दिवशी शेतकऱ्याच्या घरचे पाहुणे म्हणून जावे, गिऱ्हाईक म्हणून नव्हे.

कोणी म्हणेल, जेथे इतकी माणसे गेली तेथून जेवणाचे डबे बांधून घेणे प्रशस्त आहे काय? ही शंका मला परकी वाटते. त्या पहाटे सूर्य उगवला तो भाद्रपद पौर्णिमेचा होता आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागला. गेलेल्यांचे नाव घेऊन कोणाला तरी जेवू घालणे, हीच आपल्या पूर्वजांची स्मरणाची रीत आहे. स्मरण आणि अन्न यांची फारकत हिंदू मनाने कधी केली नाही. फरक इतकाच, की त्या अन्नाला आपण 'ट्रिपचे जेवण' म्हटले की ते हलके होते.

मग तेरणेच्या वरच्या अंगाने तेरला जावे. किल्लारीजवळून वाहणारी नदी तीच तेरच्या काठाने येते, हे गाडीत मुलांना सांगावे. धाराशिव जिल्ह्यातील (या जिल्ह्याला आपले नाव २०२३ मध्ये परत मिळाले) हे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे आणि तेथून जाडेभरडे कापड, तसेच तलम मलमलही गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, असे म्हटले आहे. मराठवाडा मागास आहे हे वाक्य ऐकत ज्यांचे बालपण गेले, त्यांनी ही नोंद एकदा तरी तेरच्या मातीवर उभे राहून ऐकावी.

येथील पुराणवस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने ओळखले जाते. हा गृहस्थ विद्यापीठात शिकलेला पुरातत्त्वज्ञ नव्हता. पावसाने धुतलेल्या टेकाडांवर सापडणारे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती आणि खेळणी तो वर्षानुवर्षे वेचत राहिला. हजारो वस्तू जमल्या आणि अखेर त्या समाजाच्या झाल्या. गोरोबाकाकांच्या गावी मातीच्या वस्तूंचे एवढे भांडार असावे, हा योगायोग मला नेहमी सुखावतो.

त्या भांडारात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्या जवळच्या नात्यातली अशी दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीतील पॉम्पेईच्या उत्खननात मिळाली आणि आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती नेमकी कोठे घडली याविषयी विद्वानांत एकमत नाही. भोकरदनचेही नाव घेतले जाते. परंतु आपल्या प्रदेशाच्या कारागिरीचा ठसा तिच्यावर आहे, असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. सकाळी किल्लारी पाहून आलेल्या माणसापुढे ही बाहुली आली म्हणजे वेगळे भाष्य करावे लागत नाही. एका क्षणात संपलेल्या नगराची स्मृती जगाने दोन हजार वर्षांनी उकरून काढली आणि तिच्यात आपल्या घरची एक वस्तू निघाली. म्हणून किल्लारी आधी आणि तेर नंतर, हा क्रम बदलू नये.

संग्रहालयासाठी दोन तास राखावेत. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आहे ते आधी विचारून घ्यावे आणि माहिती सांगणाऱ्यासाठी लेखी विनंती करावी. दारात उभे राहून 'कोणी आहे का' असे ओरडू नये. सगळ्या वस्तू पाहण्याचा अट्टहास नको, दहा नीट पाहाव्यात. त्यानंतर विटांचे त्रिविक्रम मंदिर पाहावे. हत्तीच्या पाठीसारख्या आकाराची ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असे अभ्यासक म्हणतात. आज तेथे वामनावतार उभा आहे. उपासना बदलली, तरी स्थानाचे पावित्र्य समाजाने सोडले नाही. या गोष्टीवर वाद घालण्यापेक्षा क्षणभर तेथे बसावे. मग गोरोबांच्या समाधीचे दर्शन घ्यावे आणि नदीकाठी सावली पाहून शिदोरी सोडावी. तोवर दीड वाजलेला असेल, भूक सणसणून लागलेली असेल आणि धपाटे थंड झालेले असतील. थोडी कळ काढावी लागेल हे मंडळींना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे; मधुमेह असलेल्यांजवळ शेंगदाणे किंवा फुटाणे द्यावेत.

खर्चाचा हिशेब गाडी, बचत गट आणि मानधन या तिन्हींचा मिळूनही एखाद्या थंड हवेच्या ठिकाणच्या एका मुक्कामाहून कमीच येईल. शाळांनी, गणेशोत्सव मंडळांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी हे करून पाहावे. गणेशोत्सव मंडळांवर तर माझा विशेष डोळा आहे. विसर्जन आटोपून दुसऱ्या पहाटे, भाद्रपद पौर्णिमेला, निदान एक गाडी लातूरहून निघावी. धपाटे किती लागतील ते किल्लारीला दोन दिवस आधी कळवावे. विसर्जनाच्या रात्री तेथल्या बायकांना आयत्या वेळी जागे ठेवू नये.