निवड चाचणीचे माप

सातारा-सांगलीच्या मैदानांवर खो-खो आणि कबड्डी खेळणाऱ्या मुलांना आता खेळातून उपजीविकेची आशा दिसू लागली आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळाडूंचे लिलाव होऊ लागले. २०२२ साली अल्टिमेट खो-खो स्पर्धेसाठी सहा संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडून घेतले. हौशी खेळाडूचे मोल कोण ठरवतो आणि कशावरून, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ मानापमानाचा राहिलेला नाही. तो आता पोटापाण्याचाही झाला आहे.

पाळीपाळीने खेळाडू निवडण्याची ही रीत अमेरिकेतील बेसबॉलमध्ये १९६५ पासून रूढ आहे. तेथे पारखी लोक गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांचे सामने पाहत हिंडतात आणि फटका, ताकद, धाव, फेक व क्षेत्ररक्षण यांना २० ते ८० या मापात गुण देतात. इतका खटाटोप करूनही अंदाज चुकतात. १९८८ साली माइक पियाझा हा खेळाडू थेट ६२ व्या फेरीत निवडला गेला. पुढे २०१६ साली त्याच बेसबॉलच्या मानाच्या दालनात त्याला स्थान मिळाले. जेथे वर्षानुवर्षे सामने पाहून निर्णय होतो तेथे ही गत. मग एका सकाळच्या चाचणीवर आपण किती विसंबावे?

धावेचा वेग घड्याळाने मोजता येतो, उंच उडी पट्टीने मोजता येते. परंतु खुंटाजवळ पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी देण्याची समज, किंवा गडी झपाट्याने बाद होत असताना डोके थंड ठेवण्याचा गुण कोणत्या पट्टीने मोजणार? तो सामन्यातच दिसतो. खो-खोच्या गुणपत्रिकेत प्रत्येक संरक्षकाने किती वेळ टिकाव धरला, हे मिनिटे-सेकंदांसह नोंदलेले असते. शालेय व जिल्हा स्पर्धांतील या नोंदी जपल्या, हंगामागून हंगाम एकत्र केल्या आणि निवड समितीपुढे ठेवल्या, तर मुलाला वर्षानुवर्षे घडवणाऱ्या क्रीडाशिक्षकाच्या मताला पुराव्याचे बळ मिळेल. यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागते ती शिस्त.

दुसरी गोष्ट न्यायाची. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांची १९५२ च्या ऑलिंपिकसाठीची निवड अडली होती. गुण देताना आपल्यावर अन्याय झाला, अशी तक्रार त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे नेली. फेरलढत झाली आणि ती त्यांनी जिंकली. हेलसिंकीचे कांस्यपदक, म्हणजेच स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, त्या फेरलढतीमुळे शक्य झाले. पण प्रत्येक मुलाने दाद मागण्यासाठी महाराज कोठून शोधावा?

म्हणून नाकारलेल्या खेळाडूला त्याचे गुण लेखी कळावेत, नापसंतीचे कारण सांगितले जावे आणि ठराविक मुदतीत फेरचाचणी मागण्याचा हक्क असावा. जागा मोजक्याच असतात, तेव्हा अनेकांना नकार मिळणारच. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आपण कोठे कमी पडलो, हे कळलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येतो. ते न कळलेला मुलगा बहुधा खेळच सोडतो, आणि ते नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदले जात नाही.