‘आधी वजन उतरवू, मग ताकदीचं बघू’

हे वाक्य दवाखान्यात मी इतक्यांदा ऐकतो की आता त्याचा राग येऊ लागला आहे. राग पेशंटचा नाही, हा क्रम त्यांच्या डोक्यात भरवणाऱ्यांचा. त्यात डाएटची पॅकेजेस विकणारे आहेत, काही जिम ट्रेनर आहेत आणि ‘रोज चाला’ एवढं सांगून मोकळे होणारे काही डॉक्टरही.

वजनकाटा फक्त बेरीज दाखवतो. उतरलेले दहा किलो कशाचे होते, हे तो सांगत नाही. खाणं कमी केलं आणि स्नायूंना कामच दिलं नाही, तर त्या दहातले दोन-अडीच किलो चरबीचे नसतातच. त्यात स्नायूही गेलेले असतात. उपासमार जितकी कडक, तितकं हे नुकसान जास्त. पुढे वजन परत येतं (बहुतेकांचं येतं), तेव्हा मुख्यतः चरबी येते. काटा जुन्याच आकड्यावर, आत मात्र स्नायूंची जागा चरबीने घेतलेली.

आपल्याला हे अधिक महाग पडतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे वजन ‘नॉर्मल’ असलेल्या भारतीयाच्या अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. मग मुळातच कमी असलेली ही पुंजी खर्च करायची, आणि तीही मधुमेह टाळायचा म्हणून?

दोन्ही गोष्टी एकदमच करायच्या. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याची चरबी घटत असतानाच स्नायू वाढू शकतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, चालणं वगैरे त्याशिवाय. जिम हवीच असं नाही. खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या चालतील. अट एकच: शेवटचे दोन-तीन वेळा जड गेले पाहिजेत. सोपं वाटलं की वजन वाढवा. बायका डंबेल उचलून ‘पुरुषी’ दिसत नाहीत. तेवढं टेस्टोस्टेरॉन त्यांच्या शरीरात नसतं. विषय संपला.

खाण्यात कपात करा, पण पोळी-भाताची, तळणाची, साखरेची. आपण नेमकं उलटं करतो, अंडी-पनीर ‘जड’ म्हणून बंद आणि सकाळी बशीभर पोहे. वजन घटवताना रोज किलोमागे साधारण १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४ ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम असतात आणि पातळ वरणाच्या वाटीतही फार नसतात, तेव्हा हिशेब मांडूनच जेवावं लागतं. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर व्यायामाआधीही.

महिन्यातून एकदा कंबरेला टेप लावा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. दोन महिन्यांत काटा हलला नाही, पण कंबर तीन सेंटिमीटरने उतरली, तर कृपा करून व्यायाम बंद करू नका.