लाल बावटा कोणाच्या हाती?

द्वारका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे श्रीकृष्णाची सोन्याची नगरी उभी राहते. दिल्लीची द्वारका निराळी. पप्पनकलांच्या शेतजमिनीवर दिल्ली विकास प्राधिकरणाने ही उपनगरी वसवली. २००५ सालच्या अखेरीस तिथे मेट्रो पोचली आणि १७ सप्टेंबर २०२३ रोजी तिथल्या सेक्टर २५ मध्ये ‘यशोभूमी’ हे अधिवेशन व प्रदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच्या मुख्य सभागृहात सहा हजार माणसे बसतात. बैठकीनिमित्त दिल्लीला गेलो असता एका रविवारी आम्ही ही इमारत बाहेरून पाहून आलो. आत जाण्याचे आम्हाला काही कारण नव्हते.

१७ सप्टेंबर म्हणजे विश्वकर्मा जयंती. त्याच दिवशी त्याच ठिकाणी अठरा कारागिरीच्या धंद्यांसाठी पंतप्रधान विश्वकर्मा योजनाही सुरू झाली. त्या अठरांत राजमिस्त्री आहे. मात्र योजना स्वतःचा धंदा करणाऱ्या कारागिरासाठी आहे. कंत्राटदाराच्या हजेरीपत्रकावर राबणाऱ्या गवंड्याने तिच्यात स्वतःला कुठे शोधायचे, हा प्रश्न बाजूला राहिला.

असल्या भव्य वास्तूंत बांधकाम क्षेत्रातल्या संस्थांची अधिवेशने भरतात. या संस्था थोड्याथोडक्या नाहीत. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० सालची. ठेकेदारांची बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ साली आपल्या पुण्यातच जन्मली. इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट १९८२ची, चेन्नईची. स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या संस्था मुंबई-दिल्लीत आहेत त्या वेगळ्याच. आम्ही त्यांची टिंगल करीत नाही. संघटना करणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि सळई किती जाडीची, काँक्रीट किती ताकदीचे याची मोजमापे या लोकांनी वर्षानुवर्षे बसून घडवली आहेत. त्यांची एक जुनी मागणी तर आम्हाला पूर्ण मान्य आहे. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आणि कौन्सिल आहे. परवान्याशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. ज्याच्या हिशेबावर इमारत उभी राहते त्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला मात्र देशभर लागू असा कायदा नाही. २००१ च्या भुजच्या भूकंपात दूर अहमदाबादेतल्या बहुमजली इमारती कोसळल्या, तेव्हा हे उघडे पडले होते. गुजरातने त्यानंतर आपल्यापुरता कायदा केला. सही करणारा जबाबदार असला पाहिजे, यात दुमत नाही.

आमचे म्हणणे सहीच्या पुढचे आहे.

त्या रविवारी परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर बुंदेलखंडातला एक सेंटरिंगवाला भेटला. काम मिळेल तिथे जातो, आज इथे तर उद्या गुडगावला. आम्ही त्याला विचारले, “स्लॅब भरताना खालचा टेकू खचतोय असे तुला दिसले, तर तू काय करतोस?” तो म्हणाला, “मिस्त्रीला सांगतो. मिस्त्री म्हणतो, मालाची गाडी येऊन उभी आहे, माल सुकून जाईल.” “मग?” “मग मी जरा बाजूला सरकून उभा राहतो, बाबूजी.”

हे ऐकून आम्हाला आमचा ट्रॅकमन आठवला. रेल्वेच्या उतरंडीत त्याच्याखाली कोणी नाही. पण रूळ तुटलेला दिसला की तो कोणाची परवानगी मागत बसत नाही. लाल बावटा (युनियनचा नव्हे, रुळावरचा) घेऊन तो धावत सुटतो. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके रुळावर लावतो. समोरून राजधानी येवो की मंत्र्यांची खास गाडी, ती थांबते. त्याला पोलादाचे रसायनशास्त्र येत नाही. आम्हालाही येत नाही, आमचे शिक्षण मॅट्रिक. पण तुटलेला रूळ ओळखायला मॅट्रिकही लागत नाही, आणि नियमपुस्तक त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवते. बांधकामावर असा बावटा कोणाच्याच हाती नाही. इंजिनिअरकडे नकाशा आहे, ठेकेदाराकडे मुदत आहे, मुकादमाकडे शिवी आहे. ज्याच्या पायाखाली परांची हलते त्याच्याकडे काहीच नाही.

१२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोचा बांधकामातला पूल कोसळून सहा जण मेले. त्यांत एक साइट इंजिनिअरही होता. त्या खांबाला तडा गेल्याचे आधीच दिसले होते, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले. श्रीधरन साहेबांनी नैतिक जबाबदारी म्हणून राजीनामा देऊ केला. असा अधिकारी विरळा, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्याच दिवशी ढिगारा उपसताना क्रेन आडव्या झाल्या आणि आणखी माणसे जखमी झाली. मरताना इंजिनिअर आणि मजूर एकाच ढिगाऱ्याखाली असतात, मग जिवंतपणी एका टेबलाशी का नसावेत?

१ ऑगस्ट २०२३ ला शहापूर तालुक्यात सरळांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारे अवजड यंत्र मध्यरात्री कोसळले. वीस जण गेले. त्याच महिन्यात २३ तारखेला मिझोराममध्ये सायरंगजवळ पुलावरची गॅन्ट्री पडून वीसहून अधिक मजूर मेले, बहुतेक सगळे बंगालच्या मालदा जिल्ह्यातून आलेले. तो पूल रेल्वेचा होता. आमच्याच रेल्वेचा. पण मेलेले आमच्या सभासद-पुस्तकात नव्हते, कारण ते कंत्राटी होते. आम्ही दोन मिनिटे उभे राहिलो, शोकप्रस्ताव केला आणि पुढचा विषय घेतला. ही गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण ती लिहिल्याशिवाय दुसऱ्याच्या संघटनेला उपदेश करण्याचा आम्हाला अधिकार नाही.

कायदा नव्हता असेही नाही. एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच बजावले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही वेठबिगारी आहे. पुढे मजूर संघटनांनी वर्षानुवर्षे झगडून १९९६ चा बांधकाम कामगार कायदा मिळवला. खर्चाच्या एक टक्का उपकर जमा होऊ लागला. २०१८ मध्ये न्यायालयासमोर आकडे आले, तेव्हा ३७,४०० कोटींहून अधिक जमा आणि खर्च सुमारे ९,५०० कोटी! उरलेले पैसे तिजोरीत आणि मजूर परांचीवर.

त्याच कायद्यात सुरक्षा समितीचे कलम होते, पण पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथेच. आता साइटवर मजूर असतात दहा पोटठेकेदारांचे पन्नास-पन्नास. पाचशेचा आकडा कागदावर भरणार केव्हा? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत विरला. नव्या संहितेत धोका दिसला तर कामगाराने मालकाला आणि निरीक्षकाला कळवावे असे म्हटले आहे. मालकाची खात्री पटली तर तो उपाय करील. म्हणजे पुन्हा ‘मिस्त्रीला सांगतो’ तेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८८ चा १६७ क्रमांकाचा करार याहून पुढे जातो. गंभीर धोका समोर दिसत असेल तर तिथून दूर होण्याचा हक्क तो कामगाराला देतो.

कोणी म्हणेल, मजुराला काम थांबवण्याचा हक्क दिला तर रोज काम बंद पडेल. आम्ही तीस वर्षे रेल्वेत काढली. मौज म्हणून गाडी अडवणारा ट्रॅकमन आम्ही पाहिला नाही. उलट चार्जशीटच्या भीतीने गप्प बसणारे खूप पाहिले, आणि गप्प बसण्याची किंमत काय असते तेही पाहिले.

म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या संस्थांकडे आमची मागणी एवढीच आहे. तुमच्या परवान्याच्या कायद्यासाठी आम्ही तुमच्याबरोबर मोर्चात येऊ. पण त्या मसुद्यात एक ओळ घाला : स्लॅब किंवा गर्डरचे काम सुरू असताना सेंटरिंगवाला, सळई बांधणारा किंवा क्रेनचा खलाशी यांपैकी कोणीही धोक्याची हाक दिली तर काम थांबेल, सही करणारा इंजिनिअर स्वतः पाहून लेखी मोकळीक देईपर्यंत ते सुरू होणार नाही, आणि थांबलेल्या तासांची मजुरी कापली जाणार नाही. यात इंजिनिअरचाच फायदा आहे. ठेकेदाराच्या घाईपुढे तोही बहुधा एकटाच असतो. नोकरीत असलेल्या तरुण साइट इंजिनिअरला ‘नाही’ म्हणणे किती कठीण जाते, हे आम्हाला ठाऊक आहे.

आमच्या शाखेने अशा अर्थाचे पत्र या संस्थांना पाठवण्याचे ठरवले आहे. रेल्वेच्या कंत्राटी बांधकाम मजुरांची नोंदणी करण्याचा ठरावही येत्या सभेत ठेवला जाईल. त्याला आपल्यातूनच विरोध होईल, हेही दिसते आहे. पत्राचा मसुदा मराठीत आणि हिंदीत तयार आहे. तो इंग्रजीत करून देणारा एखादा इंजिनिअर साथी मिळाला तर हवा आहे.