दर्शनाचा हक्क आणि पूजेचा अधिकार

देवळाचा उंबरठा ओलांडण्याची मोकळीक मिळणें ही एक गोष्ट, व त्या देवळाच्या पूजेंत आणि कारभारांत अधिकारानें वाटेकरी होणें ही अगदीं निराळी गोष्ट होय. आमच्याकडील सुधारणेचा गाडा पहिल्या गोष्टीपाशींच येऊन रुतला आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शनिशिंगणापूरचेंच उदाहरण घ्या. तेथील चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. मुंबई उच्च न्यायालयानें ता. १ एप्रिल २०१६ रोजीं सरकारला त्याच्या कर्तव्याची जाणीव करून दिली, आणि आठवड्याभरांत, गुढीपाडव्याच्या दिवशीं, चौथरा खुला झाला. ज्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याचा तेथें आधार घेतला गेला तो मात्र १९५६ सालचा! साठ वर्षें तो पुस्तकांत निजून राहिला, यांत दोष कायद्याचा कीं आमचा? त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्कही त्याच न्यायालयानें मान्य केला. तेव्हां हें वैगुण्य कोणा एका धर्माचें नव्हे, हें उघड आहे.

परंतु या दोन्ही ठिकाणीं मागणें केवढें होतें? पुरुषाइतकेंच जवळ जाऊन हात जोडूं द्यावेत, एवढेंच. पूजा कोणीं सांगावी आणि विश्वस्त म्हणून निर्णय कोणीं करावेत, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नास कायद्याची सरसकट आडकाठी आहे असेंही नाहीं. पुजाऱ्याची नेमणूक ही ऐहिक बाब होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालीं शेषम्मल खटल्यांत ठरविलें. पंढरपुरीं बडव्यांच्या वंशपरंपरागत हक्काचा दावा त्याच न्यायालयानें जानेवारी २०१४ मध्यें कायमचा निकालांत काढला, व त्याच वर्षीं मंदिर समितीनें पुजाऱ्यांच्या जागांसाठीं सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले. पंढरपुरास जें सुचलें तें इतर संस्थानांना कां सुचूं नये?

स्त्रियांना मंत्राचा अधिकार नाहीं, असें कोणी म्हणतील. त्यांनीं पुण्यास जाऊन पाहावें. तेथें कित्येक वर्षें स्त्रिया रीतसर पौरोहित्य शिकून लग्नें लावीत आहेत, आणि त्या संसारांत कांहीं न्यून राहिल्याचें ऐकिवांत नाहीं. दुसरी सबब विटाळाची. जिच्या उदरीं पुजारी जन्मतो ती देहधर्मानेंच अपवित्र, असें म्हणणारानें स्वतःच्या पावित्र्याचा उगम कोठें शोधावा? मुक्ताबाई-जनाबाईंचे अभंग कीर्तनांत डोलत ऐकावयाचे, आणि त्यांच्या लेकींना गाभाऱ्याच्या दारांत थांबवावयाचें, ही भक्ति नव्हे, विसंगति होय.

आमचें सांगणें इतकेंच कीं, प्रत्येक सार्वजनिक देवस्थानानें पुजाऱ्यांची व विश्वस्तांची पदें स्त्रियांस खुलीं असल्याचें जाहीर करावें, आणि पात्रता ज्ञानावर व आचरणावर ठरवावी. न्यायालयाच्या हुकुमाची वाट पाहून केलेला न्याय हा नाइलाज असतो. धर्माच्या नांवानें बोलणारांनीं निदान धर्माच्या कामांत तरी आपण होऊन पुढें यावें.